लेबल कुणाच्या नावाचं?

पॅरिसमधलं एक शिवणघर. शहरात आलेल्या राजपुत्रासाठी मोठ्या नाचाचा समारंभ जाहीर झालाय आणि खानदानी घरातल्या झाडून सगळ्या मुलींना एकाच वेळी नवे गाउन हवेत. या गर्दीत सोफिया नावाची एक मुलगी येते. तिला समारंभाला जायचंच नाहीये, आई फरफटत नेतेय. शिवणाऱ्या मुलीला ती वैतागून सांगते की मला भयंकर दिसेन असं काहीतरी शिवून दे. दुसऱ्या कुणी हे रागात बोललेलं वाक्य म्हणून सोडून दिलं असतं. फ्रान्सिस ते ऑर्डर म्हणून लिहून घेते. समारंभात गुलाबी-पिवळ्या झालरींच्या घोळक्यात सोफिया काळ्या पिसांचा गाउन घालून उतरते, तेव्हा सगळ्यांच्या भुवया वर जातात. आई मालकाला झापते, मालक फ्रान्सिसला झापतो. नोकरी जाणार हे नक्की होत असतानाच एक माणूस दारात येऊन उभा राहतो. हाच गाउन पाहून कुणीतरी खूश झालंय आणि त्या कुणालातरी आपली खासगी शिवणारी हवीय.

जेन वँगच्या 'द प्रिन्स अँड द ड्रेसमेकर' या चित्रकादंबरीची ही सुरुवात. २०१८ साली आलेलं हे पुस्तक अमेरिकेत टीनएजर मुलांच्या शेल्फवर असतं. २०१९ मध्ये त्याला किशोरवयीनांसाठीच्या सर्वोत्तम प्रकाशनाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. आयस्नर म्हणजे कॉमिक्सच्या दुनियेतला सगळ्यात मानाचा. पुस्तक हलकंफुलकं आहे, दोन-तीन तासांत संपतं. चित्रं इतकी देखणी की पहिल्यांदा वाचताना आपण शब्द वाचायचेच विसरतो. गोष्ट पुढे उघडी करून सांगणार आहे, तेव्हा ज्यांना ते नको असेल त्यांनी आधी वाचून या.

फ्रान्सिसला बोलावणारं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द राजपुत्र सेबॅस्टियन. वय सोळा, बेल्जियमच्या गादीचा वारस, आईवडील पोरी बघण्याच्या मोहिमेवर. त्याला गाउन घालायला आवडतात. काही दिवस राजपुत्र असणं बरं वाटतं, काही दिवस राजकन्या असावंसं वाटतं, इतक्या साध्या शब्दांत तो फ्रान्सिसला हे सांगतो. फ्रान्सिस त्याच्यासाठी एकाहून एक गाउन शिवते आणि तो रात्री लेडी क्रिस्टलिया होऊन पॅरिसमध्ये फिरतो. मिस मार्मलेड नावाच्या सौंदर्यस्पर्धेत क्रिस्टलिया जिंकते आणि बघता बघता शहराची फॅशन तिच्या मागे चालू लागते.

या पुस्तकाची चर्चा होते ती बहुतेक सेबॅस्टियनमुळे, आणि त्यात काही चूक नाही. गाउन घालणाऱ्या मुलाला थट्टेचा विषय न करता, आजारी न ठरवता, प्रेमकथेचा नायक करणारी पुस्तकं शाळेच्या लायब्ररीत किती असतात? आपल्याकडे मुलाने साडी नेसली की तो स्टेजवरचा विनोद असतो, नाहीतर बालगंधर्वांचा वारसा. तिसरी जागाच नसते. सेबॅस्टियनला ती तिसरी जागा मिळते, आणि तीही एखादं भाषण न ठोकता.

तरी माझं म्हणणं असं की पुस्तकाचं नाव अर्धंच वाचलं जातं. राजपुत्र वाचला जातो, शिवणारी राहून जाते. आणि जिच्याबद्दल खरोखर अवघड प्रश्न पडतो ती फ्रान्सिसच आहे.

फ्रान्सिसला डिझायनर व्हायचंय. मादाम ऑरेलिया ही बॅलेसाठी पोशाख करणारी बाई तिचं दैवत आहे. राजवाड्यात तिला जे मिळतं ते कुठल्याही नवख्या डिझायनरला मिळत नाही. हवं ते कापड, हवा तेवढा खर्च, नाही म्हणणारा मालक नाही, आणि जे शिवाल ते डौलात घालून शहरभर मिरवणारं माणूस. एकच गोष्ट मिळत नाही. हे मी केलंय, असं म्हणायची परवानगी. क्रिस्टलियाची डिझायनर म्हणून फ्रान्सिस पुढे आली, तर लोक विचारणार की ही तर राजपुत्राच्या वाड्यात काम करते ना? मग क्रिस्टलिया कोण? त्याचं गुपित टिकायचं तर हिने अदृश्य राहायला हवं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आणि हा भाग वाचताना मला राजवाडा, पॅरिस वगैरे काही दिसत नव्हतं. मला एनडीए दिसत होता. सर्व्हिस कंपनीत काम केलेल्या कुणालाही विचारा. तुम्ही तीन वर्षं ज्या अ‍ॅपवर राबलात ते परदेशातल्या क्लायंटच्या नावाने प्ले स्टोअरवर असतं. क्लायंटचा लोगो, क्लायंटचा ब्लॉग, क्लायंटच्या माणसाने कॉन्फरन्समध्ये दिलेलं भाषण. तुमच्या रेझ्युमेवर काय? 'एका आघाडीच्या रिटेल कंपनीसाठी'. नाव लिहायचं नाही, स्क्रीनशॉट दाखवायचा नाही, कोड तर नाहीच. पुढच्या इंटरव्ह्यूत समोरचा विचारतो की तुम्ही नेमकं काय बनवलंत, आणि तुम्ही हाताने हवेत चौकोन काढत सांगत बसता. पगार वेळेवर झालेला असतो. कुणी तुम्हाला वाईट वागवलेलं नसतं. म्हणूनच तक्रार नेमकी कशाबद्दल करायची तेही कळत नाही.

जेन वँगला हे बरोबर कळलंय. फ्रान्सिसवर अन्याय करणारा कुणी खलनायक तिने उभा केला नाही. सेबॅस्टियन गोड मुलगा आहे. तो फ्रान्सिसचं कौतुक करतो, मित्र म्हणून वागवतो, तिच्या कामाची किंमत त्याच्याइतकी कुणालाच कळत नाही. तिला अदृश्य ठेवण्यामागे त्याची भीती आहे, दुष्टपणा नाही. ती भीती खरी आहे, हेही पुस्तक पुढे दाखवतं. पण ज्या दिवशी मादाम ऑरेलियाला भेटायची संधी येते आणि सेबॅस्टियन तिला माघार घ्यायला सांगतो, त्या दिवशी दोघांची स्वातंत्र्यं एकमेकांसमोर उभी राहतात. त्याला स्वतःसारखं जगायचं तर हिने लपायला हवं. हिला स्वतःच्या नावाने जगायचं तर तो उघडा पडतो. फ्रान्सिस काम सोडते. रागाने पाय आपटत नाही, रडून गोंधळ घालत नाही. त्याच्या गुपितात राहायचं तर आपणही गुपितच होऊन बसू, हे तिला समजलेलं असतं. पूर्ण पुस्तकातला माझ्या मते हा सगळ्यात चांगला प्रसंग. इथे दोघंही बरोबर आहेत, आणि तरुण वाचकांच्या पुस्तकात असं क्वचित होतं. तिथे सहसा एक जण चुकलेला असतो आणि शेवटच्या प्रकरणात सॉरी म्हणतो.

नावाचा हा प्रश्न वँगने हवेतून आणलेला नाही. गोष्टीला तारीख दिलेली नाही, पण काळ साधारण एकोणिसावं शतक संपतानाचा वाटतो, आणि जागा पॅरिस. शिवणाऱ्याला पहिल्यांदा ठळक नाव मिळालं ते याच शहरात. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज माणूस १८४० च्या दशकात पॅरिसला आला, कापडाच्या दुकानात नोकरी केली आणि १८५८ मध्ये भागीदारीत स्वतःचं घराणं उघडलं. त्याच्या आधी रीत अशी की गिऱ्हाइकाने कापड आणायचं, कसं हवं ते सांगायचं आणि शिवणाऱ्याने निमूट शिवायचं. आपल्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना आजही होतं तसंच. वर्थने हे उलटं केलं. मी डिझाइन दाखवणार, ते जिवंत बाईच्या अंगावर दाखवणार, तुम्ही निवडा. आणि कपड्याच्या आत, कमरेच्या पट्टीवर, त्याने आपल्या नावाचं लेबल शिवलं. चित्रकाराने कोपऱ्यात सही करावी तसं. फ्रान्सची सम्राज्ञी यूजेनी त्याचं गिऱ्हाईक होती, पण सहीचा मान त्याने स्वतःकडे ठेवला.

म्हणजे फ्रान्सिस ज्या शहरात लपून शिवतेय तिथे शिंप्याने सही करायची असते हे लोकांना माहीत झालेलं आहे. सही पुरुषाची असली की झालं. शिवणाऱ्या मुली मात्र शेकड्यांनी असत, त्यांची नावं कुठेच नसत. फ्रेंच फॅशनघराण्यांत आजही कारखान्यातल्या कारागिरांना 'छोटे हात' अशा अर्थाचा शब्द वापरतात. शब्द गोड आहे. हातांना नाव नसतं, हेही त्यात आलंच.

आणि हे फक्त जुन्या काळाचं नाही. १९५३ साली जॅकलिन बूव्हिए आणि जॉन केनेडी यांचं लग्न झालं. तो गाउन अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या लग्नाच्या कपड्यांपैकी एक. तो शिवला होता अ‍ॅन लो या कृष्णवर्णीय डिझायनरने. अलाबामात जन्मलेली, आजी गुलामीत असताना शिवणकाम करत असे, ही स्वतः न्यू यॉर्कमध्ये श्रीमंत घरांसाठी शिवायची. लग्नाला जेमतेम दहा दिवस उरले असताना तिच्या कारखान्यात पाणी भरलं आणि नवरीचा गाउन आणि करवल्यांचे बरेचसे कपडे खराब झाले. तिने नवीन कापड आणून, माणसं लावून, खिशातले पैसे घालून सगळं पुन्हा शिवलं. बहुतेक वर्तमानपत्रांनी गाउनचं रसभरीत वर्णन छापलं. शिवणारीचं नाव बहुतेकांनी छापलं नाही. तिची मोठी प्रदर्शनं आत्ता आत्ता भरायला लागली आहेत, तिच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी. फ्रान्सिसची गोष्ट परीकथा वाटत असेल तर अ‍ॅन लोची शेजारी ठेवून वाचावी.

आता पुस्तकाशी माझं भांडण. खरं तर दोन भांडणं, एक लहान आणि एक मोठं.

लहान भांडण चित्रांशी आहे, म्हणजे जे पुस्तकाचं बलस्थान आहे त्याच्याशीच. वँगची रेघ कमालीची हलकी आहे. कापड कसं पडतं, कसं फुगतं, वळताना कुठे उशिरा वळतं, हे तिला हातात आल्यासारखं काढता येतं. क्रिस्टलिया जिन्यावरून उतरते तेव्हा गाउनचा घेर तिच्या अर्धा सेकंद मागे असतो, आणि ते स्थिर चित्रात दिसतं! कुठे संवाद नसलेली पानंच्या पानं आहेत आणि कंटाळा येत नाही. पण गाउन होतो कसा, ते फारसं दिसत नाही. वहीत रेखाटन होतं आणि थोड्याच वेळात तयार गाउन अंगावर झळकतो. मधलं काय? मुंढा बसत नाही म्हणून तिसऱ्यांदा उसवणं, अस्तर कमी पडणं, कापड बेतताना एका इंचाने चुकलेली कात्री, पुरुषाच्या खांद्याला बाईचा गळा बसवताना होणारी पंचाईत. सोळा वर्षांच्या मुलाचं अंग दर दोन महिन्यांनी बदलत असणार, मापं सारखी घ्यावी लागत असणार. यातून किती गोष्ट निघाली असती. एका मुलाच्या शरीराला ज्या आकाराची ओढ आहे तो आकार शिवणीतून कसा काढायचा, हा तर या पुस्तकाचा खरा तांत्रिक प्रश्न होता, आणि तो जवळपास जादूने सुटतो.

करिअरवरच्या हलक्या कादंबऱ्यांचा हा सार्वत्रिक रोग आहे. आचाऱ्याची कादंबरी असेल तर ताट दिसतं, कांदा चिरलेला दिसत नाही. डिझायनरची असेल तर रॅम्प दिसतो. आमच्या क्षेत्रावरच्या वेब सिरीजमध्ये हुडी घातलेला मुलगा चार कळा दाबतो की सिस्टिम हॅक होते. चार दिवस लॉग वाचत बसलेला कुणी दाखवत नाही. मान्य, लॉग वाचणं बघायला कंटाळवाणं आहे. पण कामावर प्रेम बसतं ते त्या कंटाळ्यात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला हे कुणीतरी सांगायला हवं. नाहीतर फॅशन डिझाइनला अ‍ॅडमिशन घेतलेली मुलगी पहिल्या सेमिस्टरला पॅटर्नचे कागद कापत बसते आणि तिला वाटतं की आपण चुकीच्या ठिकाणी आलो.

गंमत अशी की वँगला कामाची जाण नाही असं म्हणताच येत नाही. या आधी २०१४ मध्ये तिने लेखक कोरी डॉक्टरोसोबत 'इन रिअल लाइफ' केलं. अँडा ही अमेरिकन मुलगी ऑनलाइन गेममध्ये रमते आणि तिथे तिला चीनमधला एक मुलगा भेटतो. तो खेळत नसतो, कामावर असतो. गेममधलं सोनं गोळा करून श्रीमंत खेळाडूंना विकायची पाळी करत असतो. दुखणं आलं तर डॉक्टर नाही. पडद्यावरच्या चकचकीत बाहुल्यामागे एक थकलेलं शरीर बसलेलं असतं, हे त्या पुस्तकाने मला जितकं स्पष्ट दाखवलं तितकं फार कमी पुस्तकांनी दाखवलंय. ज्या बाईने ते काढलं तिने फ्रान्सिसची बोटं सुईने टोचलेली का काढली नसावीत, हे मला कळत नाही.

मोठं भांडण शेवटाशी. फ्रान्सिस राजवाडा सोडून ट्रिप्ली नावाच्या नव्या भव्य दुकानाकडे येते. असं एका छताखाली सगळं विकणारं दुकान हीसुद्धा तेव्हाच्या पॅरिसची खरी गोष्ट. बाँ मार्शे १८५२ पासून वाढत गेलं, आणि एमिल झोलाने १८८३ मध्ये अशाच दुकानावर, त्यात नोकरीला लागलेल्या एका खेड्यातल्या मुलीवर कादंबरी लिहिली. तिथे फ्रान्सिसला उघडपणे काम करायला मिळतं, दुकानाच्या उद्घाटनाचा शो तिच्याकडे येतो. पण दुकानाला खपणारे कपडे हवेत. गिऱ्हाईक म्हणजे काही क्रिस्टलिया नाही, जरा साधं करा. एक पीस गाळा, एक रंग कमी करा. करत करत तिच्या वहीतलं सगळं निघून जातं आणि उरतं ते कुणीही शिवलं असतं असं काहीतरी.

हा भाग थोडक्यात उरकलाय आणि मला त्याचीच हळहळ वाटते. पहिल्या शिवणघरात तिला ना नाव होतं ना मोकळीक. राजवाड्यात मोकळीक होती, नाव नव्हतं. दुकानात नाव मिळण्याची शक्यता आहे, मोकळीक गेली. विशी-पंचविशीत नोकऱ्या बदलणारा कुणीही हे त्रांगडं ओळखेल. सर्व्हिस कंपनी, मग स्टार्टअप, मग मोठी प्रॉडक्ट कंपनी, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी एक हातातून सुटलेलं. इतका खरा प्रश्न मांडल्यावर पुस्तकाने तो सोडवायला हवा होता, निदान न सोडवता आपल्यासमोर ठेवायला हवा होता.

ते होत नाही, कारण तोवर सेबॅस्टियनची गोष्ट कळसाला पोचलेली असते. त्याचे वडील आजारी पडतात, अपराधी वाटून तो लग्नाला तयार होतो आणि मग एके रात्री होणाऱ्या वधूचा भाऊ त्याचं गुपित पकडतो. आईवडिलांसमोर, भरल्या सभेत, त्याचा विग ओढला जातो. हे पान वाचताना पोटात गोळा येतो. इतक्या हलक्या पुस्तकात इतका क्रूर प्रसंग घातलाच कशाला, असं म्हणणारे वाचक मला भेटलेत. मला तो आवश्यक वाटतो, कारण सेबॅस्टियनची भीती काल्पनिक नव्हती हे त्यातून कळतं आणि फ्रान्सिसकडे मागितलेली किंमतही थोडी समजते. पण त्यानंतर जे होतं ते घाईचं आहे. सेबॅस्टियन मठातून परत येतो, ट्रिप्लीच्या शोमध्ये फ्रान्सिसचे खरे कपडे रॅम्पवर येतात, आणि मुलाला वाचवायला राजेसाहेब स्वतः गाउन घालून चालतात. मिशीवाला, जाडजूड राजा, झोकात. हसू येतं, डोळ्यांत पाणीही येतं. माझ्याही आलं.

पुस्तक मिटल्यावर मात्र दोन गोष्टी खटकत राहतात. एक म्हणजे, एका बापाने पोराला मिठी मारली की अख्खा समाज मागोमाग येतो, असं हे गणित आहे. बाप राजा असेल तर येतही असेल. (जाता जाता, त्या काळात बेल्जियमच्या गादीवर खरा राजा होता तो दुसरा लिओपोल्ड, ज्याने काँगो स्वतःची खासगी मालमत्ता करून रबरासाठी तिथल्या माणसांचे हाल हाल केले. परीकथेत इतिहास आणू नये हे मला मान्य आहे. पण मग लेखिकेनेही खऱ्या देशाचं नाव द्यायला नको होतं. एखादं बनवलेलं राज्य काय महाग होतं?)

दुसरी गोष्ट जास्त टोचते. शोचा कळस फ्रान्सिसचा असायला हवा होता. कपडे तिचे, जोखीम तिची, दुकानाचा करार मोडलाय तोही तिने. पण आपले डोळे त्या पानांवर तिच्याकडे नसतात, बापलेकाकडे असतात. जिची तक्रार अदृश्य असण्याची होती तिच्या सगळ्यात मोठ्या दिवशी पुस्तकच तिला पडद्यामागे ठेवतं. मी दुसऱ्यांदा वाचताना मुद्दाम बोट ठेवून बघितलं, ही पानं राजपुत्राची आहेत की शिवणारीची. राजपुत्राचीच निघाली.

मराठीत वाचणाऱ्याला हे आणखी एका कारणाने टोचावं. आपल्या कथा-सिनेमांत शिवणयंत्र भरपूर आहे, फक्त ते नेहमी त्यागाचं यंत्र असतं. नवरा गेला, नाहीतर दारूडा निघाला, मग बाई लोकांचे ब्लाउज शिवून, फॉल-पिको करून मुलाला शिकवते आणि मुलगा इंजिनिअर होतो. पायाखालच्या मशीनची खडखड म्हणजे गरिबीचं पार्श्वसंगीत. त्या बाईला एखादी बाही वेगळी कापून बघावीशी वाटली असेल, शेजारणीच्या ब्लाउजचा गळा आपण बेतला तसा साऱ्या गल्लीने उचलला याचा तिला गर्व वाटला असेल, अशी गोष्ट आपण क्वचितच सांगतो. महत्त्वाकांक्षा मुलाची, यंत्र आईचं. आणि शिंप्याची सही म्हणाल तर ती आपल्याला सातशे वर्षांपासून माहीत आहे, नामदेव शेवटच्या चरणात स्वतःचं नाव गुंफतातच. पण ती सही अभंगावर. त्यांनी शिवलेल्या अंगरख्यावर कोण करणार?

अपवाद एक आहे आणि तो मोठा आहे. भानू अथैया. १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेली भानुमती राजोपाध्ये, वडील चित्रकार, ते लवकर गेले. ही मुंबईला जे. जे.मध्ये शिकली, 'ईव्ह्ज वीकली' या साप्ताहिकासाठी फॅशनची चित्रं काढू लागली, मग कागदावरचं कापडावर करू लागली. नट्या गिऱ्हाईक म्हणून येऊ लागल्या आणि १९५६ च्या 'सीआयडी'पासून सिनेमातली कारकीर्द सुरू झाली. 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं, जॉन मोलोसोबत. कुठल्याही भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. फ्रान्सिसला जिच्यासारखं व्हायचं होतं ती मादाम ऑरेलिया म्हणजे मला तरी भानूबाईच दिसतात. दोघी रंगमंचासाठी, पडद्यासाठी शिवतात, जिथे कपडा हे पात्राचं बोलणं असतं. हिंदी सिनेमातल्या नटीच्या साडीची फॅशन गावोगाव पसरते, ती साडी कुणी बेतली हे पाटी नीट वाचणाऱ्यालाच कळतं. भानूबाईंच्या आयुष्यावर मराठीत किशोरांसाठी अशीच एक चित्रकादंबरी व्हावी, आणि तिच्यात मापं, पिना, उसवलेल्या टिपा सगळं असावं. कुणी काढत असेल तर मी आगाऊ पैसे भरायला तयार आहे.

एवढं भांडूनही हे पुस्तक मी तीन जणांना दिलंय. त्यातली एक माझी मामेबहीण, बारावीची, सीईटीच्या क्लासच्या वहीत मागच्या पानांवर लेहंगे काढणारी. तिला शेवट आवडला, सोफियाचा काळा गाउन त्याहून जास्त आवडला. माझी टीका तिला पटली नाही. तिचं म्हणणं, फ्रान्सिसला स्टेजवर यायचंच नव्हतं, तिला फक्त तिचं आहे ते तिचं म्हटलेलं हवं होतं, आणि ते तिला मिळतं की. यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

वाचणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. फोनवर वाचू नका. क्रिस्टलियाच्या मोठ्या चित्रांना जागा लागते, सहा इंचांच्या पडद्यावर घेर कापला जातो आणि आपण झूम करत बसतो. छापील प्रत नाही मिळाली तर निदान लॅपटॉपवर, दोन पानं शेजारी शेजारी लावून वाचा. आणि पहिल्यांदा सोफियाचा गाउन येतो तिथे थांबून मागच्या बायकांचे चेहरे बघा. वँगने प्रत्येकीचा वेगळा काढलाय.